आर्या म्हणणाऱ्याचा माणूस

माझ्या मुलाला मुलगी झाली आणि तिचं नाव आर्या ठेवायचं ठरलं, तेव्हा सगळ्या घरात विरोध करणारा मी एकटाच होतो. "पोरीचं नाव 'खाली सोड' असं ठेवतात का कुणी?" असं मी भर बारशात विचारलं. सूनबाई कल्याणची. तिला वाटलं, सासऱ्यांचं काहीतरी बिनसलंय. शेवटी आमच्या मंडळींनीच तिची समजूत घातली. "त्यांच्याकडं लक्ष नको देऊ गो. त्यांच्या मशिनींच्या भाषेत बोलतात ते. आर्या म्हंजे खाली, हाबेस म्हंजे वर. मला पण लग्न झाल्यावर दोन वर्षांनी कळलं."

नाव आर्याच राहिलं. घरात माझं चालतं ते एवढंच.

आता मला बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. धसईच्या शाळेतले जाधव सर रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. तेच मागे लागले, की मामा, दिवाळी अंकासाठी लिहा. मला सगळा तालुका गणपतमामा म्हणतो. ज्यांचा मी खरोखर मामा लागतो, ते मात्र फारसे फिरकत नाहीत.

माझा धंदा भारी माल उचलण्याचा. लोकांना वाटतं मी क्रेन चालवायचो. क्रेनवाला वेगळा, तो काचेच्या केबिनमध्ये पंखा लावून बसतो. जिथे क्रेन शिरत नाही तिथे आम्हाला बोलावणं येतं. शेडचं छप्पर बुटकं असतं, दार अरुंद असतं, नाहीतर चिखलात चाक रुततं. मग आम्ही तिकाटणं उभं करतो, म्हणजे तीन लोखंडी खांब वर एकत्र बांधलेले. त्याला चेनपुली लटकवतो. चेनपुलीची साखळी हाताने ओढत राहिलं की एकटा माणूस हत्तीच्या वजनाचा माल बोटबोटभर वर घेऊ शकतो, किंवा खाली सोडू शकतो. घाई असलेल्या माणसाने या धंद्यात येऊ नये.

माल फारच मोठा असला तर त्याच्या चार कोपऱ्यांना चार पुल्या लावतात आणि चार माणसं चार साखळ्यांवर उभी राहतात. इथे खरी गोम आहे. मधे मशीन लटकलेलं असतं, त्यामुळे ही चार माणसं एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही हात साखळीवर असतात, म्हणून वॉकीटॉकी धरता येत नाही. एका कोपऱ्याने साखळी जास्त सोडली तर माल तिरपा होतो, सगळं वजन एका साखळीवर जातं आणि ती तुटते. म्हणून चौघांचे हात एकाच आवाजावर हलले पाहिजेत. हाबेस म्हटलं की चौघांनी एकेक ओढ वर घ्यायची, आर्या म्हटलं की एकेक ओढ खाली सोडायची. तो आवाज देणारा, तो तांडेल. माझी हयात त्या आवाजात गेली.

मला हे काम शिकवलं मुंबईच्या गोदीतल्या मोयदू तांडेलने. मलबारी माणूस, अंगाने काटकुळा, लुंगी गुडघ्याच्या वर दुमडलेली. हिंदी मोडकंतोडकं, पण आवाज असा की बोटीवरचा माणूस किनाऱ्यावर वळून बघायचा. माल हवेत असताना तांडेलशिवाय कुणी तोंड उघडलं तर तो संध्याकाळपर्यंत त्या माणसाशी बोलायचा नाही. एक शब्द मात्र सगळ्यांना मोकळा होता. 'बस'. बस कुणीही ओरडावं, चहावाल्याने ओरडलं तरी चालेल. आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं.

त्याची दुसरी रीत जास्त कडक होती. माल खड्ड्यात किंवा काँक्रीटच्या पायावर उतरतो तेव्हा एक माणूस खाली लागतो. पायात रोवलेले बोल्ट आणि मशिनच्या बैठकीची भोकं त्याला जुळवून घ्यायची असतात. तो मालाखाली कधीच नसतो, बाजूला असतो, पण काही चुकलं तर बाजूला आणि खाली यात फरक राहत नाही. मोयदूचा नियम असा, की खालचा माणूस तांडेलच्या घरचा पाहिजे. त्याचा स्वतःचा जावई खाली उतरायचा. मी एकदा कारण विचारलं. "बोलने वाला ऊपर," तो म्हणाला, "उसका जान नीचे. तब मुँह संभाल के खुलता है."

आणि माल बसला, की तांडेलने खालच्या माणसाला नावाने हाक मारायची. त्याने तोंडाने ओ द्यायची. ओ आल्याशिवाय साखळ्या ढिल्या करायच्या नाहीत, मग मालक कितीही हात चोळत उभा असो. माल बसलेला वरून दिसतो, पण तो कुणाच्या बोटांवर बसलाय का, ते वरून दिसत नाही.

मुरबाडला कारखाने वाढले तसा मी गोदी सोडून गावाकडे आलो आणि स्वतःची टोळी केली. मोयदूच्या रीती जशाच्या तशा आणल्या. माझा खालचा माणूस माझा धाकटा भाऊ रघू. वर्षानुवर्षं तो खाली उतरला आणि मी वरून आर्या म्हणत राहिलो. मोठं काम असेल त्या दिवशी रघूची बायको सकाळी माझ्याशी बोलायची नाही. संध्याकाळी रघू हातपाय धुऊन जेवायला बसला, की मग मला चहा पाठवायची.

या आर्याचं मूळ कुठलं, हा छंद मला नंतर लागला. मोयदूला विचारलं होतं तेव्हा तो छाती पुढे काढून म्हणाला होता, की हा आमच्या मलबारचा शब्द. पुढे एका कामावर गोव्याचा फिटर भेटला. तो हसायला लागला. त्याच्या आजीला पोर्तुगीज यायची आणि त्या भाषेत शीड खाली उतरवण्याला असाच काहीतरी शब्द आहे म्हणाला, अर्रियार की काय. पूर्वी जहाजांवर सगळ्या मुलखांचे खलाशी एकत्र असायचे, त्यांच्या तोंडून तो घासत घासत आर्या झाला असेल. मला हे पटलं. हाबेसचं मूळ मात्र तो सांगू शकला नाही, आणि आजतागायत कुणीच सांगितलेलं नाही.

जाधव सरांना हे रुचलं नाही. "मामा, आर्या हे वृत्त आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या ओट्यावर ताल धरून मला एक आर्या म्हणून दाखवली. शिवाय संस्कृतात आर्या म्हणजे थोर स्त्री. माझ्या नातीचं नाव तिथून आलेलं. म्हणजे माझी नात आणि माझी साखळी यांची दूरची ओळखसुद्धा नाही. फक्त चेहरा सारखा.

मग मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं मशीन बसवायला इटलीचा माणूस आला. मी आर्या म्हणून ओरडलो की तो दचकून छपराकडे बघायचा. मला वाटलं, काही पडतंय का वर. दुपारी त्याच्या दुभाष्याने खुलासा केला. त्यांच्याकडे आरिया म्हणजे हवा. त्याला वाटत होतं, म्हाताऱ्याला गुदमरतंय आणि तो खिडकी उघडा म्हणतोय. आणि आणखी एक अर्थ त्याने सांगितला. त्यांच्या संगीत नाटकात सगळे गप्प उभे राहतात आणि एकच जण पुढे येऊन गातो, त्या गाण्यालाही आरिया म्हणतात. हा अर्थ ऐकून मला मोयदूची आठवण आली. त्याला हे सांगायला हवं होतं, पण तोवर तो गेला होता.

सगळ्यात कहर आमच्या सूरजने केला. सूरज बिहारचा, टोळीतला जुना गडी. कित्येक वर्षं माझ्या आवाजावर साखळी सोडत होता. एकदा गप्पांत कळलं, की त्याला तो शब्द 'एरिया' वाटत होता. "मामा बोलते हैं एरिया, मतलब एरिया खाली करो, माल आ रहा है." मी कपाळावर हात मारला. पण मग विचार केला, की त्याचा कोपरा कधी चुकला का? कधीच नाही. साखळीवर एक बिहारी, एक ओडिशाचा, एक तमिळ आणि एक आमच्या धसईचा मारुती. चौघांच्या डोक्यात त्या शब्दाचं काय काय असेल ते त्यांनाच ठाऊक, माल मात्र सरळ खाली यायचा. तेव्हापासून मी शब्दांना त्यांचं गाव विचारतो ते फक्त हौसेपोटी.

आता पारूबद्दल सांगतो. शेणव्याच्या वरच्या अंगाला एक ठाकूरवाडी आहे, तिथली ती. नवरा लवकर वारला, मुलगा शहापूरला टेम्पो चालवतो. आधी वाळू वाहायला यायची, मग मी तिला ठोकळ्यांवर घेतलं. माल वर जाऊ लागला की त्याच्याखाली लाकडी ठोकळे सरकवत जायचं असतं, म्हणजे साखळीने दगा दिला तरी माल बोटभरच पडेल. कंटाळवाणं काम, पण डोळा लागतो. पारूचा डोळा चांगला होता आणि आवाज त्याहून चांगला. ती एका टेकडीवरून हाक मारायची आणि समोरच्या टेकडीवरची गुरं वळायची. त्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, पण पारूला आहे, असं आम्ही म्हणायचो.

तानसाच्या बाजूला जंगलात आम्ही पाण्याच्या मोठ्या पाइपावरचा एक लोखंडी व्हॉल्व्ह बदलत होतो. माल हवेत होता, मी आवाज देत होतो, आणि एकदम मागून आलं, "बस!" एकच हाक. सगळे हात जागच्या जागी थिजले. आधी मला कळलंच नाही काय झालं ते. पारू ठोकळे घेऊन बसली होती तिथून तिला तिकाटण्याचा एक पाय दिसत होता. तो ओल्या मातीत हळूहळू खचत होता. मी उभा होतो तिथून तो पाइपाच्या आड होता. आम्ही माल ठोकळ्यांवर टेकवला, पायाखाली लोखंडी प्लेट घातली आणि काम पुरं केलं. रघू तेव्हा खाली होता. त्या संध्याकाळी रघूच्या बायकोने पारूलाही चहा पाठवला.

माझा आवाज बसायला लागला तो असाच कधीतरी. आधी सर्दी म्हणालो, मग धूळ म्हणालो. ठाण्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि गाठ आहे म्हणाले. ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. आता कानाशी तोंड नेऊन कुजबुजता येतं, तेवढंच. बाकीचं पाटीवर लिहून दाखवतो. घरी मंडळी म्हणतात, बरंच झालं, पहिल्यांदाच या घरात कुणाचं तरी ऐकू येतंय. ते थट्टेत म्हणतात. मी एकटा असताना रडलोही आहे, हे लिहून टाकतो, कारण बोलून ते कुणाला सांगता आलं नसतं.

ऑपरेशनच्या आधी मी मुरबाडचं एक काम घेऊन बसलो होतो. पत्रे दाबण्याचा एक जुना भलामोठा प्रेस एका शेडमधून दुसऱ्या शेडमधल्या खड्ड्यात उतरवायचा होता. छप्पर बुटकं, क्रेनचा प्रश्नच नव्हता. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "मामा, दसऱ्यापर्यंत थांबतो. नाहीतर मला बाहेरची कंपनी बोलवावी लागेल." बाहेरची कंपनी एकदा मुरबाडात शिरली असती, तर पुढची कामंही तिकडेच गेली असती. सूरज भिवंडीच्या गोदामात जायची भाषा करत होता. मारुतीला कुठल्याशा सोसायटीत वॉचमनची नोकरी खुणावत होती. टोळी डोळ्यांदेखत फुटायला आली होती आणि मी ती फुटू देणार नव्हतो. मी हट्टी आहे. मोयदूही तेच म्हणायचा, पण तो कौतुकाने म्हणायचा.

उपाय पुष्कळ सुचवले गेले. माझ्या मुलाने सांगितलं, की बाबा, तुमचा जुना आवाज कुठल्या तरी व्हिडिओत असेल, तो मोबाइलमध्ये भरून स्पीकरवर लावा. मी पाटीवर लिहिलं, 'मोबाइलला कोपरा दिसतो का?' मग सूरजला उभं करून बघितलं. सूरज माणूस सोन्यासारखा, पण त्याला थोडक्यात बोलता येत नाही. "थोड़ा... और थोड़ा... अरे रुक रुक... हाँ, अब जरा सा..." रिकामी पुलीसुद्धा गोंधळून गेली. रघूच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता आणि त्याच्या आवाजाला धाप लागते.

मी पारूला बोलावलं. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला चार पुल्या टांगल्या, खाली एक जुनं दगडी जातं बांधलं आणि तिला खुणेने म्हणालो, दे आवाज. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि हाक दिली. "हाबेस!" गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. मग "आर्या." हा शब्द ती लांबवत नव्हती. मी लांबवायचो. तिचा तुकडा पडायचा, आणि त्या तुकड्यावर हात बरोबर थांबायचे. जातं मातीवर टेकलं तेव्हा धूळ उडाली नाही. माझ्या अंगावर काटा आला.

मारुतीने मात्र साखळी सोडून दिली आणि तो बाजूला झाला.

"मामा, बाईच्या आवाजावर साखळी सोडायची? उद्या धसईच्या बाजारात तोंड कसं दाखवू मी?"

"तोंड नको दाखवू, हात दाखव," पारू म्हणाली. "साखळी हातानं सोडतात."

सूरज हसला, पण हसण्यात त्याचाही जीव नव्हता. ओडिशाचा गडी खाली बघत होता. मग मारुतीने खरी गोष्ट काढली.

"ठीक हाय. मंग रीत पण सांभाळा. तांडेलचा माणूस खाली लागतो ना? हिचा माणूस कोन हाय?"

इतका वेळ पारूने मान वर ठेवली होती, आता ती जात्याकडे बघायला लागली. नवरा नाही, मुलगा टेम्पोवर, तो या कामातला नाही. मारुती दुष्ट नाही. भीती वाटली की माणूस रीत पुढे करतो, आणि ती रीत मीच त्याला शिकवली होती.

रघू बाकावर बसला होता. "मी उतरतो," तो म्हणाला आणि उठायला गेला. मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ते बोट पारूकडे केलं. कुणाला कळेना. तेव्हा रघूच्या कानात कुजबुजलो आणि त्याने मोठ्याने सांगितलं, "दादा म्हनतो, तिला मी उभी केली, म्हंजे तिचा माणूस मी. खाली मी उतरनार."

"या वयात?" पारू म्हणाली. "नाय मामा. मना नाय जमायचं."

मी पाटीवर लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मारुतीलाच ते वाचून दाखवावं लागलं. त्याने पाटी हातात घेतली. मग म्हणाला, "मामांनी लिवलंय, तुला जमनार नाय असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मला खाली नको उतरवू. आधीच सांग."

पारूने पदराने तोंड पुसलं. "कवा हाय काम?" तिने विचारलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही शेडमध्ये शिरलो. बाकीची यंत्रं बंद केली होती. नारळ फुटला. आम्ही प्रेस रुळांवरून ढकलत खड्ड्यावर आणून ठेवला होता. आता आधी तो हातभर वर घ्यायचा, रूळ काढायचे आणि मग खाली सोडायचा. मी डोक्यावर हेल्मेट घालून, कमरेला पाना लावून, हातात पहार घेऊन शिडीने खड्ड्यात उतरलो. भिंत आणि प्रेसची बैठक यांच्यामध्ये एका माणसापुरती बोळ होती. त्या बोळीत उभं राहिलं की वरून मी कुणाला दिसत नव्हतो, आणि मलाही वर फक्त लोखंडाची काळी कड आणि उजेडाची एक पट्टी दिसत होती. ही जागा मी इतकी वर्षं वरून बघितली होती. रघू एवढ्याशा जागेत उभा राहायचा हे मला माहीत होतं, पण समजलेलं नव्हतं.

"हाबेस!"

साखळ्या करकरल्या. उजेडाची पट्टी रुंद व्हायला लागली, पण सरळ नाही. एका टोकाला ती बारीकच राहिली. मारुतीचा कोपरा. मी बस म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

"बस!" वरून आलं. मग ती शांतपणे म्हणाली, "मारुती, तुजा कोपरा मागं हाय. खाली मामा हाय."

बाकी काही नाही. तिने शिवी दिली नाही, विनवणी केली नाही. मग एकट्या एका साखळीचा आवाज आला, ओढीमागून ओढ, आणि उजेडाची पट्टी सरळ झाली. त्यानंतर मारुतीचा कोपरा एकदाही मागे राहिला नाही.

रूळ निघाले. पारूने पहिला आर्या दिला.

मी हा शब्द किती वेळा म्हणालो असेन, त्याची मोजदाद नाही. मलबारचा, पोर्तुगालचा, इटलीचा, संस्कृतातला, सगळे अर्थ मी गोळा केले होते. खालून तो मी पहिल्यांदाच ऐकला. खालून त्याला एकच अर्थ होता. आर्या म्हटलं की वरचं लोखंड बोटभर जवळ यायचं. पुन्हा आर्या, पुन्हा बोटभर. दोन आर्यांच्या मधे जी शांतता होती तिच्यात मी फक्त एवढीच आशा करत होतो, की वरची बाई डोळे उघडे ठेवून उभी आहे. रघूने ही आशा माझ्यावर जन्मभर केली आणि घरी येऊन कधी एका शब्दाने बोलला नाही. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

बोल्ट भोकांजवळ आले. मी पहारीने बैठक नखभर डावीकडे रेटली. कोपऱ्यातला पहिला बोल्ट शिरला, मग समोरचा, मग उरलेले. "आर्या." लोखंड काँक्रीटवर बसलं. आवाज झालाच नाही म्हटलं तरी चालेल. असं काम मी स्वतःही फार थोड्या वेळा केलं असेन.

मी पाना लावून नट फिरवत होतो, तोच वरून हाक आली.

"मामा!"

मी ओ दिली. म्हणजे ओठ हलवले. आणि माझ्या अंगाला घाम फुटला. इतकी तयारी केली, इतकी भांडणं केली, रीतीसाठी हट्टाने खाली उतरलो, आणि रीतीतला शेवटचा भाग आमच्या टोळीतल्या एकाच्याही ध्यानात आला नव्हता. खालच्या माणसाने तोंडाने ओ द्यायची असते. खाली मुका माणूस उतरला होता.

"मामा!" दुसरी हाक. हिच्यात तुकडा पडला नाही, टोकाला आवाज थरथरला.

मी पान्याने बैठकीवर ठोकलं. जोरात ठोकलं.

"ऐकलंत?" मॅनेजरचा आवाज आला. "ठीक आहेत ते. मशीन बसलं, बाई. साखळ्या सोडा."

"तो पाना बोलला," पारू म्हणाली.

खरं होतं. पाना ठोकला म्हणजे मी ठीक आहे की माझा हात अडकलाय, हे कुणी ठरवलं होतं? मी पाना टाकून बोळीतून शिडीकडे सरकायला लागलो. प्रेस बसल्यावर बोळ आणखी चिंचोळी झाली होती. छाती आत ओढून, कपडे घासत, भिंत धरून मी चाललो होतो. म्हातारपणी पोट सुटल्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. वर मॅनेजर पुन्हा काहीतरी म्हणाला. त्याचीही चूक नव्हती, डोळ्यांसमोर मशीन व्यवस्थित बसलेलं होतं. मारुती किंवा सूरज, कुणीही साखळी सोडून खड्ड्यात डोकावू शकला असता. कुणी हललं असतं तर मला पावलं ऐकू आली असती. ती आली नाहीत.

मग पारूचा आवाज आला. तोच, टेकडीवरून टेकडीवर जाणारा. तो मला नव्हता, सगळ्या शेडला होता.

"कुनी साखळी सोडायची नाय. माजा माणूस अजून बोलला नाय."

शिडीचा दांडा माझ्या हाताला लागला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्यामुळे पायऱ्या चाचपत चढावं लागलं. डोकं खड्ड्याच्या वर आलं तेव्हा रघू भिंतीला टेकून उभा होता, मॅनेजर रुमालाने कपाळ पुसत होता. चार कोपऱ्यांवर चौघे होते. साखळ्या ताणलेल्या, दंड फुगलेले, मारुतीच्या मानेवरची शीर वर आलेली. त्यांचा जुना तांडेल खड्ड्यातून जिवंत बाहेर येत होता आणि त्यांच्यातल्या एकानेही माझ्याकडे मान वळवली नाही. चौघेही पारूकडे बघत होते.

पारूने मला बघितलं. माझ्या दोन्ही हातांची बोटं बघितली. "बोला," ती म्हणाली.

"ओ," मी म्हणालो. कुणाला ऐकू आलं नाही, पण तिने माझे ओठ वाचले.

तिने एकदा नाक ओढलं, पदर पुन्हा खोचला, आणि चौघांना म्हणाली,

"आर्या."